‘दोन रात्री राहतो’ : युनिव्हर्सल क्रेडिटच्या एका प्रकरणाचा अभ्यास

इंग्लंडमध्ये नवऱ्यापासून विभक्त होऊन एकटीने मूल वाढवणाऱ्या स्त्रीला सरकारकडून जे अर्थसाहाय्य मिळते, त्याचा, म्हणजे युनिव्हर्सल क्रेडिटचा, मासिक हप्ता कधी ना कधी एका प्रश्नापाशी येऊन अडकतो : तो अजून तुमच्याकडे राहतो का? इंग्रजीत या प्रश्नासाठी ‘लिव्ह’ आणि ‘स्टे’ अशी दोन वेगळी क्रियापदे आहेत, मराठीत आपण एकावरच भागवतो. सातारची काकू चार दिवस राहायला येते आणि मुलगा पुण्याला राहतो. दोन्ही ठिकाणी क्रियापद एकच, आणि आपला कधी घोटाळा होत नाही. पुढील प्रकरणात तो झाला. यातील स्त्री, तिचा नवरा आणि घटनांचा क्रम ही अभ्यासासाठी केलेली जुळणी आहे, कोणा एका कुटुंबाची कहाणी नव्हे. कायदा, दर आणि प्रक्रिया मात्र प्रत्यक्षातल्याच आहेत.

परिस्थिती

अर्जदार स्त्री छत्तीस वर्षांची, मूळची सातारा जिल्ह्यातली. २०१३ साली नवऱ्याच्या व्हिसावर आश्रित म्हणून आली, मुलगी २०१५ मध्ये इथेच झाली आणि २०१९ मध्ये दोघांनाही कायमस्वरूपी वास्तव्याचा परवाना मिळाला. हा शेवटचा तपशील महत्त्वाचा आहे, कारण मुदतीच्या व्हिसावर असलेल्यांना बहुधा सार्वजनिक निधीतून मदत घेण्यास मनाई असते आणि तशा स्त्रीने अर्ज केला तर प्रश्न अर्थसाहाय्याचा न राहता व्हिसाचा होऊन बसतो.

जानेवारी २०२४ मध्ये नवरा घर सोडून गेला. मारहाण नव्हती, तिसरे माणूस नव्हते. दोन वर्षे बोलणे बंद होते आणि मग एक दिवस दोन सुटकेसा गेल्या. तीन मैलांवर, पाच जण मिळून राहतात अशा एका घरात त्याने खोली घेतली. एका बेडरूमचा जुना फ्लॅट तिच्याकडे राहिला. मार्चमध्ये भाडेकरार नव्याने झाला तो तिच्या एकटीच्या नावावर, महिना १,०५० पौंडांचा. तिचा पगार एजंटाला अपुरा वाटला, म्हणून नवरा जामीनदार झाला. जामीनदाराच्या फॉर्मवर त्याने आपल्या नव्या खोलीचा पत्ता लिहिला. त्या वेळी या ओळीकडे कोणाचेच लक्ष गेले नाही.

तिची नोकरी केअर होममध्ये, आठवड्याला दोन रात्रपाळ्या, मंगळवारी आणि शुक्रवारी, रात्री दहा ते सकाळी सहा. एप्रिल २०२४ पासूनच्या ११.४४ पौंड या किमान तासवेतनाने महिन्याला सुमारे ८०० पौंड हातात येत. नऊ वर्षांच्या मुलीला रात्रभर एकटे ठेवणे शक्य नव्हते आणि रात्रीची दाई परवडणारी नव्हती. तेव्हा मंगळवारी आणि शुक्रवारी रात्री नऊ वाजता बाप येई, मुलीला झोपवी, हॉलमधल्या सोफ्यावर झोपे आणि सकाळी साडेसहाला आई परतली की सातच्या आत आपल्या गोदामातल्या कामावर जाई. अंथरूण त्याचे तो घडी करून कपाटावर ठेवी. दात घासायचा ब्रश तो पाठीवरच्या पिशवीतून आणी आणि परत नेई. ही ब्रशची गोष्ट तिने आम्हा सल्लागारांना पहिल्यांदा सांगितली तेव्हा ती किरकोळ वाटली होती.

नवरा गेल्याचे तिने साताऱ्याला सांगितले नव्हते. आईला मधुमेह आणि रक्तदाब, वडील नाहीत, भाऊ लग्नाचा. रविवारच्या व्हिडिओ कॉलवर महिन्यातून एकदा नवराही येऊन बसे. इथल्या मराठी मंडळींनाही सांगितले नव्हते, कारण मंडळींना सांगितले की ते साताऱ्याला पोहोचायला दोन दिवस पुरतात. घटस्फोटाचा अर्जही केलेला नव्हता. इंग्लंडमध्ये एप्रिल २०२२ पासून कोणाचाही दोष सिद्ध न करता घटस्फोट मिळतो हे तिला माहीत होते. पण त्या अर्जाला तेव्हा ५९३ पौंड शुल्क होते, आणि कागद झाला की लपवणे संपते, ही भीती शुल्कापेक्षा मोठी होती.

हिशेब

१२ एप्रिल २०२४ रोजी तिने एकटी पालक म्हणून युनिव्हर्सल क्रेडिटचा अर्ज केला. त्या वर्षीच्या दरांप्रमाणे तिची मूळ रक्कम ३९३.४५ पौंड, मुलीचे ३३३.३३ आणि भाड्याचे १,०५०, असे एकूण १,७७६.७८ पौंड होतात. घरभाड्याची मदत घेणाऱ्या पालकाच्या पगारातले पहिले ४०४ पौंड तेव्हा सोडून दिले जात आणि त्यावरच्या दर पौंडामागे ५५ पेन्स कापले जात. तिच्या ८०० पौंडांवर ही कपात २१७.८० येते. म्हणजे महिन्याला १,५५८.९८ पौंड. नवरा मुलीसाठी दरमहा ३०० पौंड देत होता, ते यात धरले जात नाहीत. मुलांसाठीची पोटगी युनिव्हर्सल क्रेडिटमध्ये उत्पन्न मानत नाहीत.

आता हेच कुटुंब ‘जोडपे’ ठरले तर काय होते ते पाहावे. जोडप्याची मूळ रक्कम ६१७.६०, म्हणजे एकटीच्या दुप्पट नव्हे, तर दीडपटीच्या थोडी वर. मुलगी आणि भाडे तेवढेच. पण नवऱ्याचे हातात येणारे २,३०० पौंड तिच्या ८०० मध्ये मिळतात आणि कपात १,४८२.८० वर जाते. हातात ५१८.१३ पौंड उरतात. महिन्याला १,०४०.८५ पौंडांचा हा फरक आहे, आणि म्हणूनच तपासणी करणाऱ्या यंत्रणेला या प्रश्नात एवढा रस असतो. तो रस गैर आहे असे मी म्हणणार नाही. दोघे एकत्र राहून एकटीचा दर घेणारी कुटुंबे असतात, आणि तो पैसा करदात्यांचा असतो. वाद आहे तो हे ठरवायचे कसे याचा.

संशय

फेब्रुवारी २०२५ मध्ये तिच्या ऑनलाइन जर्नलमध्ये, म्हणजे अर्जदार आणि हा लाभ देणारे काम व निवृत्तिवेतन खाते यांच्यातल्या संवादाच्या पानावर, निरोप आला की अमुक तारखेला फोन येईल. पाठोपाठ चार महिन्यांची बँक स्टेटमेंट मागवली गेली. संशय कशावरून आला हे तिला सांगितले गेले नाही. पुढे अपिलाच्या वेळी कागदपत्रांचे बंडल हाती आले तेव्हा ते कळले. नवऱ्याच्या मालकाने पगाराबरोबर कर खात्याकडे पाठवलेल्या नोंदीत त्याचा पत्ता जुनाच होता. ड्रायव्हिंग लायसन्स आणि गाडीचा विमाही त्याच पत्त्यावर. एक जुने संयुक्त बँक खाते चालू होते, त्यातून ब्रॉडबँडचे आणि त्याच्या विम्याचे पैसे जात. एक निनावी तक्रार होती : गाडी रात्रभर दाराशी उभी असते. आणि एक फोटो होता, त्याच्याकडे आपण नंतर येऊ.

फोनवरचे संभाषण इंग्रजीत झाले. दुभाषा हवा का, असे विचारले होते. तिने नको म्हटले, कारण केअर होममध्ये ती दिवसरात्र इंग्रजीच बोलते. नवरा घरी येतो का, या प्रश्नाला तिने खरे उत्तर दिले. बंडलमध्ये ते असे नोंदले आहे की पती आठवड्यातून दोन रात्री आपल्याबरोबर राहतो असे अर्जदाराने कबूल केले. मनात तिने ‘दोन रात्री राहतो’ असे म्हटले आणि तोंडून ‘ही लिव्ह्ज विथ अस टू नाइट्स’ असे गेले. रात्रपाळीचा उल्लेख नोंदीत नाही. तिच्या आठवणीप्रमाणे तिने तो केला होता. संभाषणाचे रेकॉर्डिंग स्वतःविषयीची माहिती मागण्याच्या हक्काखाली मागवले असता त्यात तो आहे, पण पुढच्या प्रश्नाच्या गडबडीत अर्धवट राहिलेला. एकच बेडरूम आहे, मग तो कुठे झोपतो, असे विचारल्यावर ती काही क्षण गप्प राहिली. त्या गप्पतेची मात्र नोंद आहे.

पैसे त्याच आठवड्यात थांबले. मार्चमध्ये निर्णय आला : अर्जदार पहिल्या दिवसापासून जोडप्यातली होती, म्हणून एकटीचा दर कधीच देय नव्हता, आणि दहा महिन्यांचे १५,५८९.८० पौंड वसूल करण्यात येतील. युनिव्हर्सल क्रेडिटमध्ये जादा गेलेली रक्कम वसूल करण्यासाठी अर्जदाराची चूक सिद्ध करावी लागत नाही; खात्याच्या स्वतःच्या चुकीने गेलेली रक्कमही वसूलपात्र असते. त्यामुळे ‘मी फसवले नाही’ हा बचाव वसुलीपुरता निरुपयोगी ठरतो. लढायचे ते मूळ निर्णयाशीच.

कायदा काय विचारतो

इथे बहुतेक सल्ले घसरतात, आणि मराठी अर्जदाराच्या बाबतीत अधिकच. २०१२ च्या वेल्फेअर रिफॉर्म कायद्याच्या कलम ३९ मध्ये जोडप्याच्या दोन व्याख्या आहेत. लग्न झालेले नसेल तर ते दोघे विवाहित जोडप्यासारखे एकत्र राहतात का, हे पाहायचे. लग्न झालेले असेल तर एवढेच पाहायचे की ते दोघे एकाच कुटुंबघराचे सदस्य आहेत का. म्हणजे घटस्फोट न घेतलेल्या स्त्रीला, आमच्यात नवरा-बायकोसारखे काही उरलेले नाही, एवढे सांगून भागत नाही. घर एक नाही, चूल एक नाही, हे दाखवावे लागते. कागदावरचे लग्न टिकवण्यासाठी नव्हे तर वेगळे झाल्याचे लपवण्यासाठी ठेवलेले असते आणि तेच तिच्या अंगावर येते.

घर म्हणजे पत्ता नव्हे. एका छपराखाली दोन संसार असू शकतात आणि दोन छपरांखाली एक. बोटीवर नोकरी करणारा नवरा सहा महिने बाहेर असला तरी घरचाच असतो. हे ठरवताना अधिकारी सहा खुणा पाहतात : घर एक आहे का, नाते किती स्थिर आहे, पैसा कसा फिरतो, शरीरसंबंध आहेत का, मुले कोणाची, आणि जगासमोर ते स्वतःला काय म्हणवतात. या खुणा एका जुन्या सरकारी पुस्तिकेतल्या आहेत. क्रेक आणि बटरवर्थ या दोन स्त्रियांच्या, १९८२ च्या निकालसंग्रहात आलेल्या प्रकरणांत न्यायमूर्ती वुल्फ, जे पुढे इंग्लंडचे लॉर्ड चीफ जस्टिस झाले, यांनी त्यांना उत्तम दिशादर्शक म्हटले. पण त्याच निकालात त्यांनी एक गोष्ट अधिक सांगितली जी पुस्तिकेत नव्हती : दोघे एका घरात आहेत एवढे पुरत नाही, का आहेत हेही पाहावे लागते. बटरवर्थ यांना अपघात झाला होता आणि त्यांची देखभाल करण्यासाठी एक परिचित पुरुष त्यांच्या घरी राहायला आला होता. तो आठवड्यातून दोन रात्री नव्हे, रोजच तिथे होता. तरीही त्या जिंकल्या, कारण त्याच्या तिथे असण्याचे कारण संसार हे नव्हते. क्रेक यांचे अपील मात्र फेटाळले गेले.

सहा खुणांपैकी शरीरसंबंधांविषयी कोणी फारसे विचारत नाही आणि विचारू नये. मूल दोघांचे आहे ही खूण विभक्त आईबापांच्या बाबतीत काहीच सिद्ध करत नाही. नवरा घर सोडून गेला म्हणून मुलगी त्याची राहत नाही असे नाही. उरल्या चार, आणि प्रकरण त्यांतल्या तिघींवर लढले गेले : घर, पैसा आणि जगासमोरची ओळख.

त्याआधी सिद्ध कोणी करायचे याबद्दल. एकदा मंजूर केलेला लाभ खाते मागे घेत असेल तर तो बदल योग्य असल्याचे दाखवण्याची जबाबदारी खात्याची असते, हे तत्त्व पक्के आहे. लॉर्ड्स सभागृहाच्या २००४ च्या केर प्रकरणात बॅरोनेस हेल यांनी असेही म्हटले की हा दोन पक्षांचा खटला नाही, दोघांनी मिळून करायचा शोध आहे आणि ज्याच्याकडे जी माहिती असेल ती त्याने द्यावी. तत्त्व चांगले आहे. पण व्यवहारात हप्ता आधी थांबतो आणि शोध नंतर सुरू होतो, म्हणून जबाबदारी कागदावर खात्याची असली तरी भार त्याच्यावर पडतो ज्याचे भाडे थकते.

केवळ पत्त्यावरून काढलेला संशय कुठवर जाऊ शकतो याचे ब्रिटनमध्ये गाजलेले उदाहरण आहे. कर खात्याने टॅक्स क्रेडिट या जुन्या अर्थसाहाय्यातल्या चुका आणि फसवणूक शोधण्यासाठी २०१४ मध्ये कॉन्सेन्ट्रिक्स या खासगी कंपनीला कंत्राट दिले, आणि मोबदला वाचवलेल्या रकमेशी बांधला. एकट्या आयांना पत्रे गेली की तुमच्याबरोबर अमुक पुरुष राहतो, नसल्यास सिद्ध करा. एका तरुण आईला जोसेफ राउनट्री नावाच्या पुरुषाबद्दल जाब विचारला गेला. जोसेफ राउनट्री हे यॉर्कचे चॉकलेट उद्योजक आणि दानशूर गृहस्थ, १९२५ मध्ये वारले. ती त्यांच्या नावाच्या गृहनिर्माण संस्थेच्या घरात राहत होती. कंत्राटाचे नूतनीकरण होणार नाही असे सप्टेंबर २०१६ मध्ये जाहीर झाले, संसदीय समितीनेही चौकशी केली. कंत्राट गेले तरी नाव आणि पत्ता जुळला की माणूस सापडला, ही समजूत गेलेली नाही.

पुरावा

या प्रकरणातील सर्वांत मोठा पुरावा अर्जदाराच्या फ्रिजच्या दारावर चुंबकाने लावलेला होता : केअर होमचा रोटा, म्हणजे पाळ्यांचे वेळापत्रक. तक्रारदाराने म्हटले होते की गाडी रात्रभर दाराशी असते. ते खरेच होते. पण कोणत्या रात्री? रोट्यावरच्या मंगळवार-शुक्रवारी. म्हणजे ज्या रात्री तो त्या घरात झोपे, त्या रात्री ती त्या घरात नसे. आणि ज्या पाच रात्री ती घरी झोपे, त्या रात्री तो नसे. रात्री नऊला तो आल्यावर ती कामावर निघेपर्यंतचा थोडा वेळ आणि सकाळचा साडेसहा ते सातचा अर्धा तास सोडला तर त्या रात्री एका छपराखाली हे दोघे एकत्र असण्याची वेळच नव्हती. आठवड्यातून दोन रात्री, ही खात्याच्या दृष्टीने कबुली होती. रोटा शेजारी ठेवल्यावर तीच कबुली बचाव झाली. मालकाकडून वर्षभराचे रोटे आणि हजेरीपट सही-शिक्क्याने घेतले. दोन आठवडे तिने पाळ्या बदलल्या होत्या, बुधवार आणि शनिवार. नवऱ्याच्या बँक स्टेटमेंटवर त्या आठवड्यांत तिच्या फ्लॅटजवळच्या पेट्रोलपंपावरची खरेदी बुधवारी आणि शनिवारी आहे, मंगळवारी-शुक्रवारी नाही. असा पुरावा कोणी बनवून आणू शकत नाही.

नवऱ्याच्या बाजूने पुरावा गोळा करणे अधिक जिकिरीचे होते. पाच जणांच्या घरात काउन्सिल टॅक्स, म्हणजे स्थानिक घरपट्टी, आणि वीज भाड्यातच धरलेली असते, त्यामुळे त्याच्या नावावर एकही बिल नाही. वर्षात त्याने एकदा खोलीही बदलली. पत्ता का बदलला नाही, याचे त्याचे उत्तर असे की त्या घरात टपाल दारातल्या रॅकवर पडते आणि नाहीसे होते. उत्तर खरे आहे आणि ऐकायला लंगडे वाटते. तरी खोलीचे भाडे दर महिन्याच्या पहिल्या तारखेला त्याच्या खात्यातून जात होते, घरमालकाने पत्र दिले, त्याची किराणा खरेदी तिथल्या दुकानांतली होती, आणि एजंटाकडून तो जामीनदाराचा फॉर्म मिळाला. मार्च २०२४ ची तारीख, नवा पत्ता, त्याची सही. लाभाचा अर्ज व्हायच्या आधीचा कागद, आणि लाभाशी ज्याचा काही संबंध नाही अशा माणसाकडे पडून असलेला.

पैशाच्या खुणेवर आमची बाजू कच्ची होती आणि ती तशी मान्य केली. संयुक्त खाते बंद करायला हवे होते. ब्रॉडबँडचे पैसे त्यातून जात होते आणि ते ती वापरत होती. पण त्या खात्यात दोघांचेही पगार येत नव्हते. नवऱ्याचे ३०० पौंड मुलीच्या नावाचा शेरा लिहून तिच्या स्वतंत्र खात्यात येत. यात एक विचित्र वळण आले. हप्ता थांबल्यावर मार्च आणि एप्रिलचे भाडे थकले, एजंटाने जामीनदाराला गाठले, आणि नवऱ्याने दोन महिन्यांचे भाडे भरले. मे महिन्यात फेरविचाराचा निर्णय विरुद्ध गेला, त्यात याच भरण्याचा उल्लेख पती घरखर्चाचा भार उचलतो असा होता. थांबवलेल्या हप्त्याने निर्माण केलेला पुरावा हप्ता थांबवण्याचे कारण म्हणून वापरला गेला. पुढे अपिलात, १९९८ च्या सोशल सिक्युरिटी कायद्यानुसार अपील ऐकणाऱ्या न्यायाधिकरणाला मूळ निर्णयाच्या तारखेनंतरची परिस्थिती विचारात घेता येत नाही, एवढे दाखवून तो मुद्दा बाजूला पडला.

आणि तो फोटो. ७ सप्टेंबर २०२४ ची गणेश चतुर्थी. गावातल्या मराठी मंडळाचा गणपती सभागृहात बसला होता आणि दुसऱ्या दिवशीच्या पूजेचे यजमान म्हणून फलकावर या दोघांचे नाव होते, श्री. व सौ. असे. नवरा सोवळ्यात, ती नऊवारीत, गळ्यात मंगळसूत्र, मुलगी मध्ये. मंडळाच्या पानावर तो फोटो सर्वांना दिसत होता. जगासमोर ते स्वतःला काय म्हणवतात, या खुणेला याहून नेमके उत्तर कोणते असणार?

फोटो खोटा नव्हता, म्हणून त्याला नाकारण्यात अर्थ नव्हता. सांगायचे होते ते एवढेच की जगासमोर जोडपे म्हणून वावरणे हे नेहमीच एकत्र राहण्याचे लक्षण नसते. कधी ते वेगळे झाल्याचे लपवण्याचे साधन असते. पूजेचे नाव मंडळाने आदल्या वर्षीच्या यादीवरून घेतले होते, ते काढायला सांगायचे तर कारण द्यावे लागले असते. मराठीत नवऱ्याने टाकलेल्या स्त्रीला परित्यक्ता हा शब्द आहे, महाराष्ट्राच्या संजय गांधी निराधार अनुदान योजनेत तो पात्रतेचा निकष म्हणूनही येतो, म्हणजे तिथे लाभ घ्यायचा तर गावासमोर ते नाव लावून घ्यावे लागते. ही स्त्री सात हजार किलोमीटरहून दूर तेच नाव टाळत होती, आणि ज्या देशात होती तिथे त्या टाळण्याची किंमत १५,५८९ पौंड लावली गेली. मला वाटते, या प्रकारच्या संशयात सापडलेल्या आपल्याकडच्या स्त्रियांच्या बाबतीत ही एक खूण नेहमीच उलटी वाचली जाते.

तिच्या बाजूने झालेल्या चुकाही लिहिल्या पाहिजेत. अर्जाच्या वेळी तिने जर्नलमध्ये बाप रात्री येतो हे नोंदवले नव्हते. नोंदवले असते तर कदाचित हे प्रकरणच उभे राहिले नसते. निर्णयावर फेरविचार मागायला एक महिन्याची मुदत असते, ही स्त्री आमच्याकडे आली तेव्हा त्यातले चारच दिवस उरले होते. आणि तिच्या एका मैत्रिणीने दिलेला सल्ला, की दोघांच्या नावाने नवा अर्ज कर म्हणजे निदान ५१८ पौंड तरी सुरू होतील, तिने मानला असता तर ती स्वतःच्या हाताने जोडपे असल्याची सही करून बसली असती. त्याऐवजी तिने मार्चमध्येच एकटी म्हणून नवा अर्ज केला. जूनमध्ये दुसऱ्या अधिकाऱ्याने तो मंजूर केला. तेच घर, तोच रोटा, तोच सोफा. जुना निर्णय मात्र तसाच राहिला.

सुनावणी

सुनावणी नोव्हेंबर २०२५ मध्ये झाली. एकच न्यायाधीश होत्या. खात्याच्या वतीने कोणी हजर नव्हते, ते बहुधा नसतेच. या वेळी मराठी दुभाषा मागवला होता. तो मुंबईचा होता आणि तिच्या सातारी बोलण्यावर दोनदा थबकला, पण चालले.

न्यायाधीशांनी कायद्याचे फार कमी विचारले. कपडे कोण धुते? त्याचे तो धुतो, त्याच्या घरी मशीन आहे. मंगळवारी रात्री तो काय खातो? मुलीसाठी करून ठेवलेली खिचडी उरली तर ती, नाहीतर जेवून येतो. किल्ली आहे का त्याच्याकडे? नाही, तो येतो तेव्हा ती घरी असते आणि ती आल्यावरच तो जातो. त्याचे घरात काय काय आहे? सोफ्यावरचे अंथरूण, आणि एक चप्पल. दात घासायचा ब्रश? आणतो आणि नेतो. न्यायाधीशांनी हे लिहून घेतले आणि काही क्षण लिहीतच राहिल्या.

मग त्यांनी फोटो पुढे केला आणि फलकावरच्या ‘सौ.’ या अक्षराचा अर्थ दुभाषाला विचारला. त्याने सांगितले, मिसेस. सल्लागाराने परवानगी घेऊन दुरुस्ती सुचवली की तो सौभाग्यवतीचा संक्षेप आहे, जिचा नवरा हयात आहे अशी विवाहित स्त्री; नवऱ्याबरोबर राहते की नाही याबद्दल तो शब्द काही सांगत नाही. दुभाषाने मान डोलावली. त्यानंतर न्यायाधीशांनी फोनच्या नोंदीतले ते वाक्य वाचून दाखवले आणि तिने मराठीत काय म्हटले असते असे विचारले. ती म्हणाली, ‘दोन रात्री राहतो.’ दुभाषाने भाषांतर करताना स्वतःहून दोन्ही इंग्रजी क्रियापदे दिली आणि म्हणाला की या वाक्यात दोन्ही होऊ शकतात.

निकाल त्याच दुपारी आला. दोघे विवाहित असले तरी १२ एप्रिल २०२४ पासून एका कुटुंबघराचे सदस्य नव्हते; पतीचा रात्रीचा मुक्काम मुलीच्या देखभालीसाठी आणि अर्जदाराच्या गैरहजेरीत होता; मूळ निर्णय रद्द. जोडपे ठरल्यास त्या दोघांना मिळाली असती ती रक्कम वसुलीतून वजा व्हावी, हा आमचा पर्यायी मुद्दा मग तपासावाच लागला नाही. वसुली थांबली, फेब्रुवारीपासूनचा थकलेला हप्ता मिळाला, आणि त्यातले भाड्याचे पैसे तिने नवऱ्याला परत केले. पावती घेतली. काउन्सिल टॅक्समधली एकट्या व्यक्तीची २५ टक्के सवलत मध्यंतरी रद्द झाली होती, ती परत मिळवायला आणखी दोन महिने गेले, कारण काउन्सिलला न्यायाधिकरणाचा निकाल आपोआप कळत नाही.

नवऱ्याने लायसन्सवरचा आणि मालकाकडचा पत्ता बदलला. संयुक्त खाते बंद झाले. साताऱ्याला अजून सांगितलेले नाही.

जानेवारीत केअर होमने तिला तिसरी रात्रपाळी दिली, रविवारची. जर्नलमध्ये ही नोंद कशी करायची हे विचारायला ती आली. आम्ही आधी मराठीत वाक्य लिहिले, मग इंग्रजीत. पहिल्या मसुद्यात तिने सवयीने ‘तीन रात्री राहतात’ असे लिहिले होते. ते तिनेच खोडले आणि वर लिहिले : मी कामावर असते त्या तीन रात्री मुलीजवळ मुक्कामाला असतात.